एकवीस घरांचं पाणी

अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा वाईट. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. भरलेल्या टाकीतलं पाणी गप्प बसतं. अर्ध्या टाकीतलं पाणी हिंडायला लागतं. तुम्ही ब्रेक मारला की ते मागून येऊन धडकतं आणि गाडीला पुढं रेटतं. वळणावर एका अंगाला जाऊन बसतं. उतारावर तर पाठीमागं कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखा आवाज होतो. नवीन ड्रायव्हर हमखास मागं वळून बघतो. मीही बघायचो.

मुखेड तालुक्यातल्या एका लहानशा मिशन दवाखान्यात मी अख्खी नोकरी केली. कामावर लागलो तो जीपचा ड्रायव्हर म्हणून. त्या जीपमध्ये दोन बाळंतपणं झाली, एका बैलानं तिचं दार फोडलं, आणि एक नवरदेव वरात सोडून तिच्यात येऊन लपला. आता मी नांदेडला मुलाकडं असतो. नातवंडांना नवरदेवाची गोष्ट आवडते. टँकरची मी त्यांना सांगत नाही.

तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. आमच्या दवाखान्याच्या विहिरीला खोलवर पाणी टिकून होतं. दवाखाना चालवायच्या एस्तेरबाई. आम्ही सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणायचो. त्यांनी कुठून तरी एक जुना टँकर मिळवला आणि मला म्हणाल्या, "याकोब, जीपची चावी ठेव. उद्यापासून पाणी."

दोन ठिकाणी पाणी द्यायचं होतं. पहिली एक वाडी, हद्दीच्या पलीकडं, नव्या जिल्ह्यात. घरं एकवीस. तिचे कागद जुन्या जिल्ह्यातून नव्यात येऊन लागायला वेळ जाणार होता, आणि तहान काही कागदांसाठी थांबत नाही. वाडीचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. तिथून तीन कोसांवर माळावरची वस्ती. ती मोठी, बरीचशी बौद्ध घरं, मजुरीवर जगणारी. दर तिसऱ्या दिवशी एक टाकी. घरामागं तीन घागरी. सिस्टरबाईंनी हिशेब करून दिला होता आणि तो बरोबर जमत होता.

माझे वडील चर्चची घंटा वाजवायचे. मागणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवू नये, हे मी रविवारच्या शाळेत शिकलो होतो आणि मला ते मनापासून पटलेलं होतं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा आवडलेलं होतं. वाडीत टँकर शिरला की बायका पदर सावरत धावत यायच्या. कोंडामाय नावाची एक म्हातारी होती, सत्तरीच्या पुढची, मागंपुढं कुणी नसलेली. ती माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायची. "तुजा देव लई मोठ्या मनाचा हाय रे बाबा," म्हणायची. माझी छाती फुगायची. देणाऱ्याला आपण किती चांगले आहोत हे बघायची चटक लागते. ती मला लागली होती.

महिन्याभरात वाडीतली गर्दी कमी झाली. ते काही नवल नव्हतं. दुष्काळात घागरींची रांग हीच माणसांची रांग. बायका पहाटे भांडी लावून ठेवतात आणि सावलीला बसतात. वाडीत ती सावली मारुतीच्या देवळामागच्या भिंतीला होती. मी भिंतीच्या अलीकडं पाणी सोडायचो, पलीकडून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. बायामाणसं बसलेली असतात तिथं परक्या पुरुषानं डोकावू नये, म्हणून मी कधी पलीकडं गेलो नाही.

"रुक्मिणे, तुजी घागर कामून पुढं सरकवलीस गं?"

"माजी कवाची हितंच हाय. उगं आळ घिऊ नको."

"गप बसा की गं दोघी. मानूस पानी दिऊन राहिला, त्याची तरी लाज धरा."

रुक्मिणीचा आवाज जाडसर होता, बोलता बोलता मध्येच फाटायचा. मला तो चांगला ओळखू यायला लागला. मी हसून नळी पुढच्या घागरीत सोडायचो. घागर भरत आली की पाण्याचा आवाज बारीक होत जातो. त्यामुळं बघावं लागत नाही, कान पुरतात. त्रेसष्ट घागरी झाल्या की मी ओरडायचो, "झालं हो!" आणि भिंतीपलीकडून उत्तर यायचं, "हाव भाऊ, निघा तुमी."

मग कोंडामाय एकटीच भिंतीच्या टोकाशी यायची, हात जोडायची. मी विचारलं, "पोरंबाळं दिसत नाहीत?" ती म्हणाली, "रोजगार हमीवर गेल्यात बापासंगं." तेही खरं वाटण्यासारखं होतं.

पण वाडीत कुत्रं भुंकत नव्हतं. एकाही छपरातून धूर निघत नव्हता. आणि दर खेपेला एकवीसच्या एकवीस उंबरे ओले असायचे. प्रत्येक दारापुढं सडा, सड्यावर चार बोटांची पांढरी रांगोळी. प्यायला पाणी नाही त्या दिवसांत! मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

एका खेपेला आदल्या दिवशी वावटळ होऊन गेली होती. वाडीभर पिठासारखी धूळ बसलेली. भर दुपार. माझी सावली पायाखाली. घागरी भरता भरता सहज जमिनीकडं लक्ष गेलं. रांगेपासून पहिल्या दारापर्यंत अनवाणी पावलं उमटली होती, लहान, बाईमाणसाची. तीच पावलं दुसऱ्या दाराला. तीच तिसऱ्या. नळी हातात धरून मी नजरेनं मोजत गेलो. एकवीस दारांना एकाच माणसाची पावलं. जाताना, येताना. दुसऱ्या कुणाचं पाऊल त्या अख्ख्या वाडीत नव्हतं.

आणि भिंतीपलीकडं चार बाया बोलत होत्या.

घागर भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही. अंगावर काटा आला होता, त्या उन्हात. मी देवाचं नाव घेतलं. उरलेल्या घागरी कशा भरल्या आठवत नाही. त्या दिवशी मी "झालं हो" म्हणालो नाही, गुपचूप नळी गुंडाळली. तरी पलीकडून आवाज आलाच, "हाव भाऊ, निघा तुमी." मी गाडीत बसलो आणि उतारावर अर्धी टाकी घेऊन नको त्या वेगानं सुटलो.

दवाखान्यात मी कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? भीती वाटली म्हणून? पुढच्या खेपेला पुन्हा गेलो, पुन्हा त्रेसष्ट घागरी भरल्या. आता दयेपेक्षा भीती जास्त होती. न भरता निघालो तर भिंतीपलीकडून कोण बाहेर येईल, हा विचार मला करायचा नव्हता.

इकडं वस्तीवर हिशेब बिघडला होता. सुरुवातीला पुरायचं ते आता पुरेना, कारण शेजारच्या तांड्यावरची दहा-बारा घरं पाण्यासाठी वस्तीवर येऊन राहिली होती. रांगेच्या शेवटी टाकी रिकामी व्हायची. शेवटच्या माणसांपुढं नळी धरून उभं राहणं हे या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम. नळी नुसता वारा सोडते. पाणी न मिळणाऱ्या त्या शेवटच्या घरांत वस्तीवरच्या शांताबाईचंही घर होतं, कारण तिनं रांगेतली आपली जागा एका बाळंतिणीला दिली होती. चाळिशीची बाई, नवरा वारलेला, सासू अंथरुणाला.

ओळीनं तिसऱ्या खेपेला ती रिकामी घागर कमरेला लावून माझ्याजवळ आली. भांडली नाही. "जयभीम भाऊ," म्हणाली. "एक इचारू? आमच्या वाटंचं पानी कोन पिऊन राहिलंय?"

 तिनं साधाच प्रश्न विचारला होता. पण माझ्या डोळ्यांपुढं धुळीतली ती पावलं आली.

दोन दिवसांनी शांताबाई एका शेतातल्या आटलेल्या विहिरीत उतरली, तळातलं वाटीवाटीनं भरायला. चढताना दगड निसटला. तिला बाजेवर घालून दवाखान्यात आणली, मांडीचं हाड मोडलेलं. बाजेवरसुद्धा घागर तिच्या कुशीत होती. चेपलेली. सोडायलाच तयार नव्हती.

पाय बांधून झाल्यावर सिस्टरबाई हात धुवायला बाहेर आल्या. तांब्याभर पाण्यात दोघांचे हात धुवायची आमची सवय.

"याकोब, वाडीत किती माणसं आहेत?"

"रांग पुरी असते, सिस्टरबाई."

"मी रांग नाही विचारली. माणसं विचारली."

मी तांब्या खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, "पुढच्या खेपेला माणसं मोजून ये."

त्याआधी मला लातूरला जावं लागलं. टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता. नव्या जिल्ह्याचं गाव गजबजून गेलं होतं. जिकडं तिकडं ताज्या रंगाच्या पाट्या, बांधकामं, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून कामाला आलेली माणसं. व्हॉल्व्ह घेऊन मी डाळमिलच्या रस्त्यानं स्टँडकडं चाललो होतो. एका मिलच्या दारात बायका डाळ निवडत बसल्या होत्या. पाठीमागून आवाज आला.

"अगं सरक की जरा. मला उन्हात बसवतीस व्हय?"

जाडसर आवाज. मध्येच फाटलेला.

मी जागच्या जागी थांबलो. वळलो तर तीस-पस्तिशीची एक बाई, डोक्यावर टॉवेल, हातात सूप. मी जवळ जाऊन विचारलं, "तुम्ही रुक्मीण का?"

ती चपापली. "हाव. तुमी कोन?"

"टँकरवाला. वाडीचा."

तिला ओळख पटली. तोंड उजळलं. "अगं बया, डायवर भाऊ! वाडीला अजून जाताव का तुमी?"

"तुम्ही इथं कधी आलात?"

"शिमग्याच्या आदुगर. सगळीच निघालो की आमी. कोन हैदराबादला, कोन निजामाबादला. वाडीत कोन ऱ्हायलंय आता? कोंडामाय तेवढी."

शिमगा होऊन दोन महिने झाले होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी परवा तुमचा आवाज ऐकला. देवळामागं."

रुक्मिणीनं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा असा उतरला की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला.  मग डोळ्याला टॉवेल लावून म्हणाली, "ती माझा आवाज काढती. पैल्यापून काढायची, समद्यांचे काढायची. आमाला हसवायची." सूप उगाच पुढं ओढून म्हणाली, "निघताना म्या तिला म्हनलं व्हतं, माय, माझा उंबरा कोरडा ठिवू नको. कोरड्या उंबऱ्याला मानूस परतत न्हाई. हाव म्हनली ती."

शेजारी डाळ निवडणारी, वाडीतलीच दुसरी बाई मान खाली घालून म्हणाली, "म्याबी म्हनलं व्हतं."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. प्रत्येकीनं एकटीनं मागितलं होतं. म्हातारीनं प्रत्येकीला हो म्हटलं होतं.

पुढच्या खेपेला मी टँकर चढाच्या अलीकडंच बंद केला आणि चालत वाडीत शिरलो. ऊन मी म्हणत होतं. कोंडामाय रांगेजवळ होती. राखेनं घासलेल्या त्रेसष्ट घागरी ओळीनं लावून ती एकेकीजवळ थांबत होती आणि हाक मारत होती.

"रुक्मिणे!"

मग तोंड जरा वळवून, जाडसर आवाजात, "आले गं माय."

"सोजर!"

पातळ, चिरका आवाज. "हितंच हाय की."

"गंगाबाई!" आणि उत्तरादाखल एका म्हाताऱ्या बाईचा खोकला.

कारण कळलेलं होतं, तरी मला पाऊल पुढं टाकवेना. ती चेष्टा करत नव्हती. उत्तर आलं की तिचा चेहरा खरोखर निवत होता, जसा कुणी तरी भेटल्यावर निवतो.

मी हाक मारली. ती दचकली नाही. दगडावर बसली, मला बस म्हणाली.

"कामून करता माय हे?"

"बाबा, समदी गेल्यावर तुजी खेप येस्तवर तीन दीस माजं तोंडच उघडलं न्हाई. मग आवाज फुटंना. भ्या वाटलं. म्हनून एकेकीला हाक मारली." ती घागरींकडं बघत होती. "हाक मारल्यावर उत्तर कोन देनार? म्याच दिलं. आन् रांग न्हाई दिसली तर तू येनार न्हाईस. तू न्हाई आलास तर उंबरं वाळतेत."

मी तिच्या हातांकडं बघितलं. ओठांकडं बघितलं. दिवसाला वीस घागरी उंबऱ्याउंबऱ्याला वाहून नेणारी ती बाई स्वतः पाणी पीत नव्हती. ते दुसऱ्यांचं आहे म्हणून.

मी तिला शांताबाईची गोष्ट सांगितली. विहीर, दगड, चेपलेली घागर. सांगताना माझा आवाज कडक झाला असेल. आतली शरम दाबायची होती.

तिनं शेजारच्या घागरीवर हात ठेवला. "मला ठावं न्हवतं रे. कुनी मागितलं की मला न्हाई म्हनताच येत न्हाई."

"मलाबी येत नाही," मी म्हणालो.

त्या दिवशी मी तिला तीन घागरी भरून दिल्या आणि साठ तशाच ठेवल्या. रिकाम्या घागरींपुढून गाडी नेताना वाडीतल्या बायकांनी माझ्या तोंडावर दारं लावली असं वाटलं. पाणी मात्र वस्तीवर शेवटच्या घरापर्यंत पुरलं. शांताबाईच्या सासूसाठी शेजारणीनं आणलेल्या घागरीत पाणी पडताना आवाज बारीक होत गेला. वस्तीतल्या एका बाईनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

सिस्टरबाईंना मी सगळं सांगितलं. पावलंसुद्धा, भीतीसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी टँकरमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या. वाडीत पोचलो तर भरलेल्या तिन्ही घागरी रिकाम्या होत्या आणि एकवीसही उंबरे ओले होते. म्हातारी देवळाच्या पायरीपाशी आडवी पडली होती. जीभ टाळ्याला चिकटलेली.

सिस्टरबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजलं. तासभर गेला. मला आतल्या आत वाटत होतं, मी दिलं तेव्हा एक बाई विहिरीत पडली आणि मी आवरतं घेतलं तर दुसरी मरायला टेकली.

म्हातारी शुद्धीवर आल्यावर सिस्टरबाई म्हणाल्या, "चला आमच्याबरोबर दवाखान्यात."

"न्हाई. शब्द दिलाय."

"बरं. मग शब्द पाळायचा. पण त्याला माप लावायचं." त्यांनी तांब्या भरला, म्हातारीचा हात त्यात बुडवला, आणि तिला धरून पहिल्या दारापर्यंत नेलं. "उंबऱ्यावर हात टेका."

म्हातारीनं टेकला. लाकडावर ओला पंजा उमटला.

"उंबरा ओला झाला का?"

म्हातारीनं विचार केला. "झाला."

"मग रोज एक तांब्या सगळ्या घरांना. पण त्याच्या आधी एक तांब्या तुमच्या पोटात. आधी तो. हे मला वचन द्या."

एकवीस दारं त्या दोघी तशाच फिरल्या. तांब्यात पाणी उरलं. मी बघत होतो आणि मला लाज वाटत होती. इतके दिवस देत होतो, पण थांबून बघितलं नव्हतं.

मग सिस्टरबाई म्हणाल्या, "आता घागरी घरोघर ठेवायच्या." आम्ही हात लावायला गेलो तर कोंडामायनं अडवलं. तिनं स्वतः एकेक घागर उचलली, ज्या घरची त्या घरच्या ओट्यावर उपडी घातली, आणि प्रत्येक वेळी नाव घेतलं. "रुक्मिणे." थांबली. "सोजर." थांबली. "गंगाबाई." उत्तर कुणी दिलं नाही. तिनंही नाही. वाडीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ती ऐकत राहण्यापेक्षा ते आवाज बरे होते, असं मला वाटून गेलं, आणि अजूनही कधी कधी वाटतं.

उन्हाळा संपेपर्यंत मी दर खेपेला तिच्याजवळ पाव तास बसायचो. तेवढंच. पुढं वस्ती वाट बघत असायची. ती फारसं बोलायची नाही. तांब्या पिऊन दाखवायची, मग मी उठायचो.

पाऊस पडल्यावर माणसं परतली. एकवीसपैकी तेरा घरं उघडली. त्यांत रुक्मिणीचं होतं. पोळ्याच्या सुमाराला औषधं द्यायला मी जीप घेऊन वाडीत गेलो. कुत्री भुंकली, पोरं जीपच्या मागं धावली. मी पहिल्यांदाच भिंतीपलीकडं गेलो. कोंडामाय तिथं बसली होती आणि रुक्मीण तिच्यापुढं भाकरी कुस्करत होती.

म्हातारीनं मला ओळखलं. तोंडावरून हात फिरवला. मग रुक्मिणीकडं बोट दाखवून हळूच म्हणाली, "ही बाई चांगली हाय. रोज भाकर आनून देती. पर रुक्मिणीचं नाव सांगती. रुक्मिणीचा आवाज मला ठावं न्हाई व्हय?"

मी रुक्मिणीकडं बघितलं. ती उठून माझ्याबरोबर जीपपर्यंत आली.

"समद्यांचं तसंच," ती म्हणाली. "सोजरला बी म्हनती, तू न्हाईस. आमी कोनच आमी न्हाई तिच्या लेखी. पैले आठ दीस म्या भांडले तिच्यासंगं. रडले. म्हनलं, माय, बग की, मीच हाय. तर ती भिऊन कोपऱ्यात जाऊन बसली, जेवली न्हाई."

"मग?"

"मग सोडलं. आता म्हनते, मी शेजारची हाय. तेवढं तिला पटतं. मग जेवती."